एकटीला विचारायचा प्रश्न

नर्सने काहीही विचारलं की सुनेच्या आधी सासूच उत्तर द्यायची. भूक लागते, झोप लागते, बाळ छान फिरतं, गोळ्या तर मीच हातावर ठेवते.

"आई, दिवस कुणाला गेलेत, तुम्हाला का हिला?" नर्स म्हणाली. सासू हसली, पण खुर्चीवरून हलली नाही.

गरोदर बाईला तपासताना एक प्रश्न तिला एकटीलाच विचारायचा असतो. सासू काही सुनेला एकटं सोडेना, तसा नर्सचा संशय पक्का झाला. शेवटी तिने लघवीची बाटली सासूच्या हातात दिली आणि तिला लॅबच्या खिडकीवर पाठवलं. मग दार लोटून हळूच विचारलं, "घरी कुणी मारतं का गं तुला?"

सुनेने दाराकडे एकदा पाहून घेतलं.

"ह्यांचा हात उठतो, सिस्टर. पण देवाशपथ सांगते, मला अजून एकही फटका बसलेला नाही. दर वेळी आई मध्ये येऊन उभ्या राहतात."

तेवढ्यात सासू परत आली. "झालं का हिचं?"

"हिचं झालं," नर्सने दाराला आतून कडी घातली. "आता तुम्ही बसा, आई. बाह्या वर करा."