मुकादमाची सुई

शिंप्याने सुई हातात घेतली आणि मांजराच्या पाठीकडे नेण्याआधी, सवयीने, आपल्या पांढऱ्या केसांतून एकदा फिरवली.

‘बाबा, अहो काय केलंत हे?’ मुलगी म्हणाली.

चाळीस वर्षे तो प्रत्येक सुई अशीच केसांतून फिरवत आला होता. डोक्याचे तेल लागले की ती जाड कापडातूनही न अडखळता जाते. पण ही सुई पोकळ होती, नुकतीच वेष्टनातून काढलेली होती, आणि तिच्यामागे एक लांब नळी होती. एरवी ज्या खुंटीवर अर्धवट शिवलेले कोट लटकत, तिथे आज सलाईनची पिशवी टांगलेली होती.

मुलीने ती सुई काढून टाकली आणि दुसरी लावली. ‘त्याला तेलपाणी नकोय. नुसतं पाणी हवंय.’

कातरकामाच्या टेबलावर, अस्तराच्या घडीवर म्हातारा बोका पडून होता. सतरा वर्षे त्याने तिथूनच दुकानावर देखरेख केली होती; म्हणून सगळे त्याला मुकादम म्हणत. आता त्याची मूत्रपिंडे थकली होती. रोज सकाळी कातडीखाली पाणी सोडत राहायचे, एवढाच उपाय उरला होता, आणि तोही फार तर तीन महिने पुरेल, असे डॉक्टरांनी सांगून टाकले होते. आजवर ते काम मुलीने केले. दुपारच्या गाडीने ती नोकरीच्या गावी निघत होती. दाराशी तिची बॅग होती, आणि बॅगेशेजारी झाकणाची टोपली.

‘तुम्हाला जमलं तर ठीक. नाहीतर मी त्याला घेऊन जाते. खोली लहान आहे, पण रोजचं पाणी तरी चुकणार नाही.’

शिंप्याने टोपलीकडे पाहिले नाही. परक्या भिंतींत, परक्या वासांत मुकादमाचे उरलेले दिवस कसे जातील, हे त्याला कुणी सांगायला नको होते.

‘माझी बोटं सरळ असती तर एव्हाना पिशवी रिकामी झाली असती,’ शिलाई मशीनमागून त्याची बायको म्हणाली. सांधेदुखीने वाकलेल्या बोटांनी ती एका बाहीचा धावदोरा उसवत होती.

‘तुझी बोटं सरळ असती तर तू मलाही टोचलं असतंस.’

‘ते काम वाकड्या बोटांनीसुद्धा होतं.’

त्याने मुकादमाच्या मानेमागची कातडी चिमटीत उचलली. ती सहज वर आली आणि सोडल्यावरही तशीच उभी राहिली. आतला देह आटत गेला होता. वरचे वस्त्र मात्र जुन्याच मापाचे राहिले होते. त्या मऊ चुणीखाली कुठेतरी, खोल, एक संथ, सुखाची घरघर चालू होती. शिंप्याचा हात थांबला.

आजवर किती जिवंत अंगांवर त्याने कापड टाचले होते. श्वासाने हलणाऱ्या छात्या, अवघडलेले खांदे, गुदगुल्या होणाऱ्या कमरा. एकदाही त्याच्या हातून कुणाला टोचले गेले नव्हते. कापड आणि कातडी यांच्यामधल्या त्या केसभर जागेत त्याची सारी विद्या सामावलेली होती. आणि आता तीच जागा ओलांडायची होती.

‘नाही होत गं,’ तो मुलीला म्हणाला.

मुलीने टोपलीचे झाकण उघडले.

बायकोने बाही खाली ठेवली. ‘टोचायचं आहे असं समजूच नका,’ ती म्हणाली. ‘ट्रायल आहे असं समजा. गिऱ्हाईक वाळलंय, कपडा ढगळ झालाय. काय करता मग?’

‘आत घेतो.’

‘मग घ्या की.’

शिंप्याने चष्मा वर सरकवला. चूण पुन्हा उचलली, दोन बोटांत तिचा पोत अजमावला, आणि ज्या आवाजात तो आरशासमोर उभ्या गिऱ्हाइकांशी बोलत असे, त्याच आवाजात मुकादमाला म्हणाला, ‘जरा श्वास सोडा, साहेब. हलू नका. झालंच.’

मुकादमाने फक्त एक कान मागे वळवला. नळीतून थेंब पडू लागले. घरघर तुटली नव्हती.

‘गेली का?’ शिंप्याने विचारले.

‘केव्हाच गेली,’ मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात हसू होते आणि त्याच्या तळाशी आणखी काहीतरी. तिने टोपली उचलली आणि आत नेऊन माळ्यावर ठेवली.

मुकादमाच्या खांद्यावर पाण्याचा लहानसा उंचवटा चढत गेला. शिंपी तो टीकाकाराच्या नजरेने न्याहाळत होता. ‘डावा खांदा जास्त भरला.’

‘तासाभरात बसतो,’ बायको म्हणाली. ‘तुमच्या कोटांचे वर्षभर बसत नाहीत.’

पिशवीतले पाणी ठरल्या खुणेपर्यंत उतरले तेव्हा उन्हाचा एक पट्टा टेबलाच्या कडेवर चढला होता. सुई काढून शिंप्याने त्या जागेवर अंगठा दाबून धरला. तेवढ्यात शेजारचे शाळामास्तर पडद्यांच्या कापडाचा गठ्ठा बगलेत घेऊन आत आले आणि टेबलापाशी घुटमळले. एवढे लांब कापड पसरायला सगळे टेबल लागणार होते.

‘हे मोकळं कधी होईल?’ त्यांनी विचारले.

शिंप्याने अंगठा उचलला नाही. अंगठ्याखाली ओलसर केस होते, आणि त्याखाली ती घरघर.

‘होईल, मास्तर,’ तो म्हणाला. ‘पण तुम्हाला घाई असेल तर दुसरीकडे शिवायला टाका. मला अजिबात घाई नाही.’