लंडनहून आलेली विद्यार्थिनी

लंडनात नोकरी करून डॉक्टर नागनाथ १९७४ साली सेलूला परतले. लंडनातच चौथीपर्यंत शिकलेल्या लेकीचं, विशाखाचं, नाव त्यांनी इथल्या शाळेत घातलं. आडनाव विचारून झाल्यावर हेडमास्तर म्हणाले, "आमच्याकडं सगळी लेकरं सारखीच." आणि मग उगाच आणखी एकदा म्हणाले.

पोरीला इथली शाळा मानवेल का, याचा घरात घोर लागला होता. पण पहिल्याच दिवशी विशाखा उड्या मारत घरी आली आणि आजीच्या, सरजाबाईंच्या, मांडीवर बसली.

"इथली शाळा लय चांगली हाय, आजी. तिकडं तहान लागली की सगळ्यांसारखं नळापुढं रांगेत उभं राहायचं. इथं बाकीची पोरं आपल्या हातानं माठातलं पाणी घेतात, पण मला बाई माठाला हातसुद्धा लावू देत नाहीत. मी लांब ओंजळ धरून बसायचं, मग शिपाई उंचावरून पाणी ओततो. साऱ्या वर्गात फक्त मलाच."

डॉक्टर बूट काढता काढता थांबले.

सरजाबाईंनी नातीच्या तोंडावरून हात फिरवला.

 

"असला मान तर मला जलमभर मिळालाय, माय."