चटका
वडूजच्या शेडमध्ये दाजींनी विकायला काढलेल्या जुन्या लेथचं बटण दाबलं आणि छाती फुगवून म्हणाले, "ऐका पाव्हणं, हाय का कुठं खडखड?" नव्हती. म्हणूनच मला संशय आला. गेल्या साली याच शेडमधलं ड्रिल मशीन त्यांनी माझ्या धाकट्या भावाच्या गळ्यात मारलं होतं, आणि ते सांगलीला पोचल्यावर पहिल्या दिवसापासून बोंबलत होतं. थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणून आम्ही गप्प बसलो. मी लेथ बंद केलं आणि ज्याच्या आत फिरत्या दांड्याचं बेअरिंग असतं त्या हेडस्टॉकवर तळहात ठेवला. चटकाच बसला. "दाजी, मी यायच्या आधीपासनं चालू ठेवलंय व्हय? झिजलेलं बेअरिंग गार असलं की खडखडतं, तापून फुगलं की गप बसतं. मला गार मशीन चालू करून दावा." "बहिणीच्या दारात येऊन मला चोर म्हणतोस?" दाजींचा आवाज चढला. "चोर न्हाई म्हणलं. गार करा म्हणलं." "घ्यायचं तर आत्ता घे, न्हाईतर चालायला लाग." मी ऑइलचा रिकामा डबा पालथा घातला आणि त्यावर बसलो. "गार हुईस्तोवर मी हितंच हाय." दाजी दातओठ खात उभे राहिले. मग शेजारच्या स्वयंपाकघराकडं तोंड करून ओरडले, "अगं ए, च्या आण तुझ्या भावाला, आणि वाटंला लाव!" आत भांडं आपटल्याचा आवाज आला. पाठोपाठ आक्काचा. "आणते की. मशीन गार झालं की आणते."