पांढऱ्या पायाचा

"वाईट वाटून घेऊ नकोस वेंडेल, पण पुढच्या शनिवारी तू घरीच बस." ड्वेन हे शेगडीवरचे सॉसेज उलटता उलटता म्हणाला. वर बघायची त्याची छाती झाली नाही.

कॅल्डर कॉलेज फुटबॉलमध्ये पुन्हा हरलं होतं; अमेरिकेतला, चेंडू हातात धरून पळायचा तो फुटबॉल. मैदानामागच्या गाडीतळावर सगळे आपापल्या ट्रकच्या उघड्या फळीवर बियर घेऊन बसले होते, मयतीला आल्यासारखे. हा हंगाम म्हणजे नुसती धूळधाण. सप्टेंबरपासून एक सामना सोडला तर दर शनिवारी मार खाल्लेला. कॉलेजची पोरं डोक्यावर कागदी पिशव्या चढवून, डोळ्यांपुरती भोकं पाडून सामन्याला यायला लागली होती. म्हाताऱ्यांचे उपाय वेगळे. ड्वेनने जर्सी धुवायची सोडली होती आणि त्याच्या शेजारी बसवत नव्हतं. चेंडू आपल्या पोरांकडे आला की मर्ल मैदानाकडे पाठ करायचा. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तर यांची सगळी अंगणं तपासून झाली होती. उरला होता वेंडेल.

कारण तो एकुलता एक विजय ऑक्टोबरातला, आणि नेमकी त्याच दिवशी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, वेंडेलची खुर्ची रिकामी होती. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, हे शहाण्याला कळतं. पण सारखं हरणाऱ्याला शहाणपण परवडत नाही हो. शिवाय हंगामातला शेवटचा सामना मॅरियन कॉलेजशी होता. मॅरियन म्हणजे हाडवैरी. त्यांना हरवलं की बाकीचं सगळं माफ.

मर्लने वर पुस्ती जोडली. टीव्ही नको, रेडिओही नको. वेंडेलच्या नुसतं कानावर पडलं तरी पोरांच्या हातातून चेंडू सुटायचा. सगळे हसले. वेंडेलही हसला आणि बरं म्हणाला.

ऑक्टोबरात त्या दिवशी तो कुठे होता हे यांतल्या कुणालाच माहीत नव्हतं. भाचीचं लग्न आहे अशी त्याने थाप मारली होती. खरं म्हणजे तो आणि त्याची बायको लोर्ना शहरातल्या हॉस्पिटलात डॉक्टरसमोर बसले होते. दुखणं यकृतात पसरलंय, नाताळ बघाल, पुढचं काही सांगता येत नाही, असं डॉक्टरने आडपडदा न ठेवता सांगितलं. म्हणजे मॅरियनचा सामना हा वेंडेलचा शेवटचा. हंगाम संपेपर्यंत कुणाकडे बोलायचं नाही, अशी त्याने लोर्नाला शपथ घातली होती. आधीच सगळ्यांची तोंडं उतरलेली, त्यात आपलं रडगाणं कशाला, असं त्याचं म्हणणं.

घरी येऊन त्याने ड्वेनचं बोलणं सांगितलं तेव्हा लोर्नाचं माथं भडकलं. लग्नाआधीपासून तो त्या खुर्चीवर बसत आला होता. बर्फात बसला होता, अंगात ताप घेऊन बसला होता, आणि आता हे उपटसुंभ त्याला पांढऱ्या पायाचा ठरवून हाकलतात? तिने फोन उचलला. वेंडेलने तो तिच्या हातातून काढून घेतला.

"त्यांना जिंकू दे गं एकदा," तो म्हणाला.

त्याचा स्वतःचाही यावर विश्वास बसला होता. लोर्नाला त्या विश्वासाचीच भीती वाटली.

शनिवार उजाडला. त्यांचं घर मैदानापासून दोनच गल्ल्या. टीव्ही-रेडिओ बंद ठेवून काय होणार, गर्दीचा ओरडा खिडकीतून आत यायचा. म्हणून वेंडेल परसातल्या वादळाच्या तळघरात उतरला. चक्रीवादळाचा भोंगा वाजला की गावातले सगळे आपापल्या तळघरात शिरतात. निरभ्र दिवशी शिरणारा हा पहिलाच. अंगावर घोंगडी, शेजारी पाण्याचा तांब्या. दुखत होतं, पण त्याने गोळी घेतली नाही. लोर्नाने स्वयंपाकघरातला रेडिओ बारीक आवाजात लावला आणि ती देवाची विनवणी करत बसली. उभ्या जन्मात तिने फुटबॉलसाठी देवाला त्रास दिला नव्हता.

कॅल्डर पुढे होतं. खेळ संपत आला तरी पुढेच होतं. तेवढ्यात वेंडेलला राहवलं नाही. धरून धरून तो पायऱ्या चढला, तळघराचं झाकण ढकललं आणि परसातून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. लोर्नाने दचकून रेडिओकडे हात नेला. "असू दे," तो म्हणाला.

आणि चेंडू सुटला. कॅल्डरच्या पोराच्या हातातून सुटला, मॅरियनच्या एकाने उचलला आणि तो पळत सुटला तो थेट शेवटच्या रेषेपार. वेळ संपली, कॅल्डर हरलं. मैदानाच्या दिशेने काही ऐकू येईना.

थोड्या वेळाने फोन वाजला. ड्वेन होता. प्यायलेला, रडलेला.

"खरं सांग, ऐकत होतास ना?"

लोर्ना डोळ्यांनी विनवत होती. आता तरी सांग. आता तरी त्यांना कळू दे, कुणाला घरी बसवलं ते.

"हो," वेंडेल म्हणाला. "शेवटी शेवटी राहवलं नाही. चुकलंच माझं."

ड्वेनने एक शिवी हासडली आणि फोन ठेवला. लोर्ना ओट्याला टेकून हमसून हमसून रडायला लागली. एवढी जन्माची निष्ठा, आणि शेवटच्या शनिवारी तळघरातला अंधार, वर शिवी! हा माणूस आता खचणार, असं तिला वाटलं. पण वेंडेल टेबलाशी बसला आणि त्याने दोन अंडी तळायला सांगितली. ऑक्टोबरपासून त्याने आपणहून काही खायला मागितलं नव्हतं. त्याचा चेहरा स्वच्छ होता, जिवावरचं ओझं उतरावं तसा. त्याने तिचा हात धरून तिला खुर्चीवर बसवलं.

"रडू नकोस गं," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी मी नसेन ना. मग बघ कसे जिंकतात."