बंद केलेल्या गोळ्या

टेलरकाकांची क्लस्टर डोकेदुखी यंदा परत आली. रोज दुपारी चारच्या ठोक्याला डाव्या डोळ्यामागे कुणीतरी दाभण फिरवू लागायचं, आणि काका मशीन सोडून तासभर दुकानातल्या दुकानात येरझाऱ्या घालायचे.

"तीन वर्षं रोजच्या गोळ्यांनी दुखणं फिरकलं नव्हतं," डॉक्टर म्हणाले. "मग बंद का केल्यात?"

"आई हातावर ठेवायची ना," उत्तर सोबत आलेल्या मुलीनंच दिलं. "ती गेल्यापासून मी डबीत भरून देते, तर बाबा डबी तशीच परत करतात. सगळ्यातच असे झालेत, दगडासारखे. तेराव्या दिवशी आत्यानं तोंडावर विचारलं, दादा, तुला काहीच कसं वाटत नाही रे?"

काका मांडीवर मापाची टेप गुंडाळत होते. गुंडाळून झाली की सोडत होते.

"या गोळ्या हृदयाला झेपतील ना, ते ईसीजी काढून बघू आणि परत सुरू करू," डॉक्टर म्हणाले. "त्या लागू पडेपर्यंत मानेमागे एक इंजेक्शन देतो. थांबवता येतं ते उगाच कशाला सोसायचं?"

मुलगी चिठ्ठी घेऊन ईसीजीचा नंबर लावायला गेली. दार बंद झाल्यावर काकांनी टेप खिशात ठेवली.

"इंजेक्शन राहू द्या, डॉक्टर. ती गेल्यापासून मला रडूच येत नाही. हे दुखायला लागलं, की डावा डोळा तरी वाहतो."