पांढरा प्लग

"शपथेवर सांगतो की मोतीराम वल्द बुधाजी यानं माझ्या मोटारीच्या टाकीची मोहर फोडून पेट्रोल—"

फाट्!

मोटार शिंकली. महादेवरावांचं वाक्य तिथंच मोडलं. अकोल्याच्या कोर्टात द्यायची साक्ष ते मागच्या सीटवर घोकत होते. फिर्यादी तेच, साक्षीदारही तेच; आरोपी त्यांचा आधीचा ड्रायव्हर. आज फिर्यादी गैरहजर राहिला तर आरोपी सुटेल, असं मॅजिस्ट्रेटनं मागच्या तारखेला बजावलं होतं.

"काहून रे?"

"मले काय माईत, रावसाहेब," नवा ड्रायव्हर इनायतुल्ला मान न वळवता म्हणाला. "दम टाकून राहिली."

"शपथेवर सांगतो की आरोपी मोटारीत एकटाच—"

फाट्. फाट्.

कुरूमच्या पुढं बाभळींच्या रांगेत मोटार थांबली.

महादेवरावांनी बॉनेट स्वतः उघडलं. इंजिनातलं त्यांना कळत होतं, आणि कळतं हे ड्रायव्हर लोकांना दिसावं म्हणून पाना कोटाच्या खिशात असे. उपरण्यात धरून त्यांनी एक प्लग काढला. टोक खडूसारखं पांढरं. काजळी नावाला नाही. प्लग काळा, तर पेट्रोल जास्त. प्लग पांढरा, तर हवा जास्त, पेट्रोल कमी. इंजीन उपाशी जळत होतं.

"पेट्रोल कुठं गेलं?"

"टाकीत असन."

"असन? सकाळी माह्यासमोर भरली ना? मंग इंजिनाले काहून भेटत नाही? खालून नळी सोडली का? मोतीरामानं शिकवून ठेवलं का तुले?"

"मोतीरामानं येवढंच सांगतलं, या मोटारीच्या टाकीले हात लावू नको. पायताण बसते."

महादेवराव जिनिंगवाले, कापूस पिंजण्याच्या कारखान्याचे मालक. गोदामाच्या कुलपावर चिंधी गुंडाळायची, लाख ओतायची, वर अंगठी दाबायची, ही त्यांच्या घरची रीत. मोटार घेतली तेव्हा टाकीचं झाकणही त्याच रीतीनं बंद झालं. जाड लाख, अख्ख्या झाकणावर. मोहर त्यांनी फोडायची, पेट्रोल त्यांच्यासमोर ओतायचं, पुन्हा मोहर त्यांची. मोटार अमरावतीतल्या अमरावतीत फिरे. लांबचा प्रवास ते रेल्वेनं करत. आज मात्र कोर्टासमोर मोटारीतूनच उतरायचं होतं.

मोतीराम, नुकताच बौद्ध झालेला, एकदाच याच रस्त्यानं अकोल्याहून पाहुणे आणायला एकटा गेला होता. फुटकी मोहर घेऊन परतला. वाटेत गाडी बंद पडली, म्हणाला. पेट्रोल हाय का पाहाले झाकण उघडलं. उघडलं तशी आपोआप चालू झाली.

झाकण उघडल्यानं मोटार चालू होते! जिनातले हमाल पोट धरून हसले. महादेवराव हसले नाहीत.

"धरम बदलला, हात तेच राह्यले," ते सगळ्यांदेखत म्हणाले, आणि पायातली काढली. त्यानंतर फिर्याद.

"—यावरून माझी खात्री झाली की—"

ते मोटारीच्या मागं गेले. मोहर शाबूत होती.

"फोड."

"मी नाही फोडत. तुमीच फोडा." इनायतुल्लानं दोन्ही हात बगलेत घातले. "मोतीरामानं फोडली होती. त्याचं काय झालं ते पाह्यलं मी."

महादेवरावांनी पान्यानंच लाख फोडली. झाकण फिरेना. आतून कुणी धरून ठेवल्यासारखं. त्यांनी अंगाचा जोर लावला. झाकण सुटलं आणि टाकीनं श्वास आत ओढला. लांब, घरघरता, पाण्याखालून वर आलेल्या माणसासारखा.

आत पेट्रोल डुचमळत होतं. भरपूर.

त्यांनी झाकण उन्हात धरलं. मधोमध सुई जाईल एवढं भोक. जितकं पेट्रोल खाली जाईल तितकी हवा आत यावी म्हणून ठेवलेलं. त्यात लाख गच्च बसलेली. हवा येईना, म्हणून पेट्रोल सुटेना. म्हणून प्लग पांढरा.

त्यांनी ती लाख नखानं काढली. खाली पडली. प्लग जागेवर बसवला.

इनायतुल्लानं स्टार्टर दाबला. मोटार पहिल्या झटक्यात चालू झाली.

"झाली, रावसाहेब," तो खिडकीतून म्हणाला. "आपोआप."

शपथेवर सांगतो की.

शपथेवर.

"कोर्टात सांगसान ना येवढंच? झाकण उघडलं अन् चालू झाली?"

महादेवरावांच्या डोळ्यांपुढं जिनातले हमाल होते. पुन्हा पोट धरून हसणारे, आणि या खेपेला मोतीरामावर नव्हे.

त्यांनी सीटवरची लाखेची पिशवी घेतली. बाभळीच्या आडोशाला जाऊन काडी ओढली. लाखेची कांडी मऊ करून आणली आणि बंद झाकणावर थापली. भोकावर जास्तच. वर अंगठी दाबली.

इनायतुल्ला खाली उतरला.

"काय करून राहिले? बोरगावच्या इकडंच पुन्हा बंद पडन. कोर्टाची येळ टळन, मोतीराम सुटन!"

महादेवराव आत बसले. दार ओढून घेतलं.

"समजते मले," ते म्हणाले. "चालव."