लाडकी कोण?

"खरं सांग, तुझी जास्त लाडकी कोण? मी की केतकीताई?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून शाल्मलीनं घरच्या जुन्या, हल्ली सारख्या बंद पडणाऱ्या कॉम्प्युटरला विचारलंच. दोघी बहिणींना लहानपणापासून त्यानंच गोष्टी सांगितल्या होत्या.

"केतकी," असं म्हणून तो पुन्हा बंद पडला. मैत्रिणी फिदीफिदी हसल्या आणि शाल्मलीच्या अंगाचा तिळपापड झाला. ताई चंद्रावर नोकरीला जाऊन तीन वर्षं झाली, तरी मान तिचाच!

संध्याकाळी बाबांनी कॉम्प्युटर उघडला. आत मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या, जुनीत ताईच्या आठवणी, नवीत शाल्मलीच्या. बाबांनी दोन्हींची टोकं खोडरबरानं घासली, तरी दोन्ही एकत्र चालेनात.

"आता एकच ठेवता येईल," बाबा म्हणाले. "दुसरीतलं सगळं तो विसरेल."

"केतकीची काढा," आई म्हणाली. "ती कुठे इथं आहे?"

शाल्मलीची एकटी पट्टी लावताच तो सुरू झाला. तिनं घाईघाईनं तोच प्रश्न विचारला.

"तूच लाडकी! पण केतकी कोण?"

शाल्मलीचं तोंड एवढंसं झालं. समोर कुणी नसताना पहिला नंबर आला, तर त्यात काय मजा?

"आई, बाबा, माझी काढा," ती ठसक्यात म्हणाली. "ताईची परत लावा. मी त्याला पहिल्यापासून माझी ओळख करून देईन आणि ताईला हरवूनच दाखवीन!"